अर्धं बोट डावीकडे

माझी गाडी डावीकडे ओढते, हे मला पहिल्यांदा एका म्हशीनं सांगितलं. कामठी रस्त्याच्या कडेला ती आपली निवांत उभी होती. तिचं एक खूरसुद्धा रस्त्यावर नव्हतं, आणि तरी आमचा डावा मडगार्ड तिच्या पुठ्ठ्याला घासून गेला. म्हैस जागची हलली नाही. मान वळवून तिनं बघितलं ते मागे बसलेल्या माझ्याकडे, ड्रायव्हरकडे नाही. गाडी कोणाची ते तिला बरोबर कळलं असावं.

ही जगभर पेटलेली लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. धंतोलीत माझा बायकांचा दवाखाना होता. पेशंट दवाखान्यात यायच्या त्याहून जास्त मलाच त्यांच्या घरी जावं लागे. कामठी, कन्हान, कधी पार उमरेडच्या वाटेवर. बाळंतपण काही मुहूर्त बघून येत नाही, म्हणून पोटाला चिमटा घेऊन मी ती मोटार घेतली होती. बाई मोटारीतून येते याचं लोकांना इतकं अप्रूप, की बाळंतीण राहायची बाजूला आणि आळी जमायची गाडीभोवती.

मला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे मी खोटं बोलत नसे. पेशंटलाही नाही आणि पेशंटच्या सासूलाही नाही, त्यामुळे माझी प्रॅक्टिस वाढायची तितकी वाढली नाही. दुसरी गोष्ट म्हणजे माझा राग. एरवी मी महाल नावाच्या जुन्या वस्तीत जन्मलेली, घरात ‘मले-तुले’ बोलतच वाढलेली. पण राग आला की माझ्या तोंडून थेट पुस्तकातली मराठी बाहेर पडे. आमचा कंपाउंडर आत येणाऱ्याला दारातच सांगायचा, “आज नका जाऊ जी, बाई शुद्ध बोलून राह्यल्या.”

माझे ड्रायव्हर वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे होते. पूर्वी ते बर्डीवर टांगा हाकायचे. मोटारी वाढू लागल्या तसा त्यांनी शहाणपणानं घोडा विकला आणि गाडी शिकून घेतली. अकरा वर्षं ते माझ्याकडे होते. ते पुढे, मी मागे. पांढरा फेटा, फेट्याखाली करडे केस, मानेवर उजव्या बाजूला एक तीळ. बाजारच्या गर्दीतही मी त्यांना पाठमोरं ओळखलं असतं. त्यांच्या घरी बायको, विधवा बहीण आणि लग्नाच्या दोन मुली होत्या आणि कमावणारे ते एकटे होते, हेही मला ठाऊक होतं.

म्हशीनंतर फाटकाचा डावा खांब झाला, मग एका हलवायाच्या दुकानाची पायरी. दर वेळी ते खाली उतरून मडगार्डवरून हात फिरवत आणि म्हणत, “गाडी डावीकडे ओढून राह्यली बाई. चाकं फिरली हायेत. पुरी लाइनमेंट करा लागन.”

पुरी लाइनमेंट म्हणजे पुढचा सगळा आस खाली उतरवायचा आणि दोन्ही चाकं एकमेकांशी आणि मागच्या चाकांशी जुळवून पुन्हा बसवायची. सदरमधल्या मोठ्या गॅरेजवाल्यानं गाडीकडे न बघताच सांगितलं, तीन आठवडे ठेवावी लागेल. मी म्हटलं, ज्या वैद्याला नाडी न बघता निदान सुचतं त्याच्याकडे मी माझं मांजरसुद्धा नेणार नाही. आणि तीन आठवडे गाडी नसेल तर कन्हानच्या बायकांनी काय करायचं? असं म्हणत मी ते पुढे ढकलत राहिले.

मग ती कन्हानची मोरी झाली.

तिथल्या खाणीवरच्या एका मुकादमाच्या सुनेचे दिवस भरले होते. सकाळी निरोप आला, आम्ही निघालो. कन्हानच्या अलीकडे रस्त्यावर एक लहान मोरी आहे. समोरून संत्र्यांनी भरलेली बैलगाडी येत होती. रस्ता दोघांना पुरेल इतका रुंद होता. आमच्या गाडीनं मात्र बैलगाडीला इतकी वाट दिली की आमची डावी चाकं मोरीच्या कठड्याला घासून खाली घसरली. त्याच बैलगाडीचे बैल सोडून, दोर बांधून गाडी वर काढायला तास गेला. मी पोचले तेव्हा गावातल्या सुईणीनं सगळं पार पाडलं होतं. मुलगा खणखणीत रडत होता आणि त्याची आई मला बघून हसली. सगळं चांगलं झालं होतं, आणि बहुतेक म्हणूनच माझा राग जास्त चढला. काही वाईट झालं असतं तर निदान कामाला लागले असते.

धंतोलीला परत आलो. फाटकात उतरले आणि कंपाउंडरच्या देखत म्हणाले, “आपण ही गाडी तपासून घेऊ. चाकांत दोष निघाला तर मी हात जोडून तुमची क्षमा मागेन. दोष निघाला नाही, तर तो तुमच्या हातात आहे. मग दुसऱ्या दिवसापासून येऊ नका.”

शुद्ध मराठी अगदी. त्यांनी “हव जी” म्हटलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि सायकल काढून ते घरी गेले.

चहाचा कप संपेतो माझा राग उतरला होता. माझा राग तसा दुधासारखा, उतू जातो आणि बसतो. पण बोललेलं गिळायची मला सवय नव्हती. कंपाउंडरनं ऐकलं होतं, म्हणजे संध्याकाळपर्यंत अर्ध्या धंतोलीला कळलेलं असणार. आता ‘रागात बोलले’ म्हणायचं, तर इतकी वर्षं जे-जे बोलले त्याची किंमत काय राहिली? एकच वाट उरली होती. चाकांत दोष निघायला हवा होता. नव्वद मैलांत जिच्याइतकी जपलेली गाडी नव्हती, तिच्यात खोट निघावी म्हणून मी देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीला पेशंट समजून पुढ्यात घेतलं. साध्या दुखण्यापासून सुरुवात करायची, पोट कापायचं ते सगळ्यात शेवटी. आधी हवा बघितली. डाव्या पुढच्या चाकात हवा खरंच कमी होती. आम्हा दोघांनाही आनंद झाला. हवा भरून ते गाडी धंतोलीच्या टोकापर्यंत घेऊन गेले आणि परत आले. डावीकडेच. मग पुढचे दोन टायर अदलाबदल केले. खोट टायरात असेल तर ओढ आता उजवीकडे यायला हवी होती. ती डावीकडेच राहिली. मग ब्रेक. एकीकडचा ब्रेक धरून राहिला तर ते चाक तापतं. फेरी मारून आल्यावर मी दोन्ही चाकांना कपाळावर लावतात तसा हात लावून बघितला. दोघांना सारखाच ताप होता.

दर वेळी ते जास्तच खुलत होते. “मंग आता काय राह्यलं बाई? लाइनमेंटच ना!” आणि मीही मान डोलावत होते. दुसऱ्या कोणाच्या हाती गाडी देऊन बघावी, हा साधा उपाय मला सुचला नाही असं नाही. पण ते म्हणजे अकरा वर्षांच्या माणसाला तोंडावर खोटारडा म्हणण्यासारखं झालं असतं. ते मी टाळलं. शिवाय, खरं सांगायचं तर, मला त्या उत्तराची भीती वाटत होती.

दुपारी आम्ही इतवारीकडच्या एका मिस्त्रीकडे गेलो. हे मिस्त्री कोष्ट्यांच्या घरातले. बाप, भाऊ, काका सगळे मागावर बसलेले. हे एकटे मोटारींच्या नादी लागलेले. माझ्या ड्रायव्हरशी त्यांची जुनी दोस्ती होती. त्यांची शेड कोष्ट्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच होती आणि गल्लीत सकाळपासून ताणा लागलेला असायचा. लुगड्याचे उभे धागे कंबरेइतक्या उंचीवर गल्लीभर ताणायचे, त्यांना खळ लावायची आणि मोठ्या कुंच्यानं विंचरायचं. खळ चढण्याआधी त्यांच्यात एक रीत होती. ताणा सरळ आहे की नाही ते दोघांनी बघायचं. एक तो लावणारा आणि दुसरा ज्याचं कापड तो. गुडघ्यावर बसायचं, गाल धाग्यापाशी न्यायचा, एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्यानं टोकापर्यंत बघायचं. लावणाऱ्यानं आधी बोलायचं नाही. मालकानं सांगितल्यावर मग त्यानं आपलं सांगायचं. नंतर कापड वाकडं निघालं तर भांडायची सोय राहत नाही, एवढाच त्यातला धर्म.

मिस्त्रींनी ही रीत उचलून तशीच्या तशी मोटारीला लावली होती.

“आस उतरवाची घाई काहून करता बाई?” ते म्हणाले. “आधी धागा लावून पाहू. धागा खोटं नाई बोलत.”

त्यांनी घरातून खळ दिलेला पांढरा पक्का धागा आणला. गाडीच्या मागे एक लोखंडी खुंटी, पुढे एक, आणि मधे चाकांच्या मध्याच्या उंचीवर धागा ताणलेला. मागच्या चाकाच्या दोन्ही कडांना धागा टेकला पाहिजे आणि पुढच्याही. पुढची चाकं केसभर आत असतात तेवढं सोडायचं. त्याहून जास्त फट दिसली तर चाक फिरलं, मग पुरी लाइनमेंट.

आधी उजवी बाजू. मिस्त्रींनी बघितलं आणि तोंड मिटून उठले. मग माझ्या वतीनं ड्रायव्हर बसले. त्यांनी बराच वेळ बघितलं.

“सरळ हाये,” ते हळू आवाजात म्हणाले.

“सरळ हाये,” मिस्त्री म्हणाले.

आता डावी बाजू तेवढी उरली होती. खुंट्या तिकडे नेल्या, धागा ताणला, मिस्त्रींनी बघितलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते बघत होते, पण ते रीतीचे पक्के. काही न बोलता ते पुढच्या खुंटीपाशी जाऊन उभे राहिले.

ड्रायव्हर मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसले. या बाजूनं बघायचं तर उजवा डोळाच धाग्याला लावणं सोयीचं. त्यांनी मात्र मान पिळून डावा डोळा तिथे आणायची खटपट चालवली. फेटा मडगार्डला लागून वाकडा झाला.

“उजवा लाव ना गा,” मिस्त्री हसून म्हणाले. “मान मोडून घेतं का?”

त्यांनी मान सरळ केली, डावा डोळा मिटला आणि उजवा धाग्याला लावला.

त्याच वेळी गल्लीतली एक शेळी मिस्त्रींच्या मागून आली आणि खुंटीला अंग घासून गेली. खुंटी लवंडली. धागा निसटला आणि मुकाट मातीत जाऊन पडला. मिस्त्रींनी ‘थांब’ म्हणायला तोंड उघडलं. पण ड्रायव्हर चाकाला गाल लावून तसेच बसले होते, स्थिर, डावा डोळा घट्ट मिटून.

“पाहा,” ते म्हणाले. “अर्धं बोट. पुढचं चाक अर्धं बोट डावीकडे गेलं हाये. म्या म्हटलं नव्हतं?”

त्यांच्यासमोर धागाच नव्हता.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. गल्लीत कुंचा चालल्याचा आवाज येत होता. मला सगळं एकदम कळलं. डावीकडे ओढत होती ती गाडी नाही. उजवीकडून येणारी बैलगाडी, टांगा, माणूस, काहीच ज्याला वेळेवर दिसत नाही, तो बिचारा कडेकडेनं चालणार नाही तर काय करणार! आणि हेही कळलं की मी कंपाउंडरच्या देखत काय बोलून बसले होते.

“मंग बाई,” मिस्त्री सावकाश म्हणाले, “करायची का पुरी लाइनमेंट?”

मी आयुष्यात एवढा वेळ कुठल्याच प्रश्नाला घेतला नसेल.

“करा,” मी म्हटलं. “अर्धं बोट आहे म्हणतात ना ते. करा.”

“दोन दिवस ठेवा मंग,” मिस्त्री म्हणाले.

ड्रायव्हरांनी उठायला मघाशीच जमिनीला हात टेकला होता, पण ते उठले नव्हते. एवढा वेळ चेहरा खाली करून ते फेटा नीट करत होते, मग उठले आणि हात झटकून बाजूला झाले. मी क्षमा मागायचं कबूल केलं होतं म्हणून तिथेच हात जोडले. ते म्हणाले, “राहू द्या बाई.”

परतताना आम्ही टांगा केला. पुढे टांगेवाल्याशेजारी कोणाचं तरी पोतं होतं, म्हणून आम्ही दोघं मागच्या बाकावर शेजारी बसलो. अकरा वर्षांत मी त्यांच्या शेजारी कधी बसले नव्हते. कलतं ऊन उजवीकडून त्यांच्या तोंडावर येत होतं. उजव्या डोळ्याची बाहुली तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी झाली होती. मोतीबिंदू, तोही पिकत आलेला. रस्त्यावरच्या परक्या माणसाचा मी तो दहा हातांवरून ओळखते. रोज दहा-वीस बायकांच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून मी रक्त बघत होते, आणि ज्या माणसाच्या डोळ्यांवर माझा जीव अवलंबून होता त्याची फक्त मान मला पाठ होती. मला स्वतःची लाज वाटली. रागही आला, आणि या वेळी तो काढायला दुसरं कोणी नव्हतं.

बर्डीचा चढ आला तेव्हा ते म्हणाले, “उद्या कितीक वाजता येऊ बाई?”

इतकं साधं विचारलं की मला हायसं वाटलं. चला, यांना काही कळलं नाही.

“नेहमीच्या वेळेला,” मी म्हटलं.

“हव जी.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पेशंटच्या खुर्चीत बसवलं. दोन्ही डोळे बघितले. डाव्यातही सुरुवात होती. मी कधी कोणाला आडपडदा ठेवून सांगितलं नव्हतं, त्यांनाही सरळ सांगितलं.

“दिवाळीपासून धुकं हाये उजव्यात,” ते म्हणाले. “गाडी आधी आयकू येते, मंग दिसते.”

“मग लाइनमेंट, लाइनमेंट कशाला करत होतात?”

“मले खरंच तसं वाटे बाई. मी तं हात सीधाच धरत होतो.”

मग आपोआप तोंडून घरची बोली निघाली. म्हटलं, “आता तुमी मले शिकवा गाडी. मी हाकतो, तुमी बाजूले बसा.”

मिस्त्रींनी दोन दिवसांनी गाडी आणून दिली. मडगार्ड सरळ केला होता, चाकांना हात लावला नव्हता. पुढचे दोन महिने मी शिकले. धंतोलीच्या रस्त्यांवरची पोरं आणि कोंबड्या माझा हॉर्न ऐकून घरात पळत. ड्रायव्हर डावीकडे बसून शांतपणे म्हणायचे, “बाई, आता गाडी उजवीकडे ओढून राह्यली. चाकं फिरली का काय पुन्हा?” हिवाळ्यात मोठ्या इस्पितळात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून घेतला. डोळ्यांवर पट्ट्या बांधून, उशीवर डोकं न हलवता ते कितीतरी दिवस पडून होते. नंतर जाड काचेचा चष्मा आला, दिसू लागलं, पण हातात चाक घ्यायचा भरवसा त्यांचा त्यांनाच राहिला नाही. नोकरी तीच राहिली. किल्ली त्यांच्याकडे, गाडीची निगा त्यांच्याकडे, कोणत्या गावात कोणत्या घराशी थांबायचं ते त्यांच्या डोक्यात. फक्त हाकणारी मी.

दीडेक वर्षानं कन्हानच्या त्याच मुकादमाकडून निरोप आला. सुनेचं दुसरं बाळंतपण होतं. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. मोरी आली आणि मी गाडी अगदी मधोमध काढली. मला जरा गर्वच वाटला.

“मिस्त्रीनं चाकं मस्त बसवली होती बाई त्या टायमाले,” ते समोर बघत म्हणाले.

“हो ना,” मी म्हटलं.

ते थोडे हसले. मग म्हणाले, “धागा खाली पडला होता.”

माझा पाय आपोआप वर उचलला गेला. गाडी मंदावली.

“उठतो म्हणून हात टेकला, तं मातीत हाताले धागा लागला,” ते म्हणाले. “म्या म्हटलं, झालं. आता बाई बोलन. बाई तं कोनाचंच झाकून ठेवत नाई. मिस्त्रीनं तुमाले इचारलं, करायची का. मी फेटा सावरतच राह्यलो, वर पाह्यची हिंमत होत नव्हती. आन् तुमी म्हटलं, करा.” त्यांनी मागे वळून मोरीकडे बघितलं. “तवा समजलं, उद्या या लागते.”

टांग्यात त्यांनी वेळ विचारली होती ती काही न कळल्यामुळे नव्हे, हे मला दीड वर्षानं त्या रस्त्यावर उमगलं. मी गाडी कडेला घेतली, या वेळी मुद्दाम डावीकडे, आणि थांबवली. समोरचं मला नीट दिसेना. पदर डोळ्यांना लावला.

“काहून थांबल्या बाई?”

“काही नाही. डोळ्यात धूळ गेली.”

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“तवाचं ‘करा’, आताचं ‘हो ना’, आन् हे तिसरं खोटं बाई,” ते म्हणाले. “चला आता, मुकादमाची सून वाट पाहून राह्यली असन.”